अंदमानचा आठवडाभराचा हवामान अंदाज कसा वाचावा? : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

दिवाळी झाली की या सदराच्या टपालात अंदमानविषयीची पत्रे वाढू लागतात. कोणाची सहल ठरलेली असते, कोणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, तर कोणी नुकतेच परतलेले असतात आणि तिथे जे पाहिले त्याचा उलगडा त्यांना हवा असतो. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर असतो, तो म्हणजे पुढच्या सात दिवसांचा अंदाज पाहून नेमके काय समजायचे. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे त्या बेटांवर राहिलो आणि रोज सकाळी पर्जन्यमापकातील पाणी मोजण्याचे काम केले. उत्तरे काही ठिकाणी लांबली आहेत, ती त्या जिव्हाळ्यापोटी. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे आणि हॅवलॉक व नील ही बेटे डिसेंबर २०१८ पासून अनुक्रमे स्वराज द्वीप व शहीद द्वीप म्हणून ओळखली जातात. उत्तरांत मी नवी नावे वापरली आहेत.

प्रश्न : डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहकुटुंब अंदमानला निघालो आहोत. मोबाइलवरील अंदाजात सातही दिवसांपुढे ढग, पाऊस आणि वीज अशी चित्रे दिसत आहेत. सोबत वृद्ध आई-वडील आहेत. सहल पुढे ढकलावी काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : केवळ त्या चित्रांवरून पुढे ढकलू नये. अनेक मोबाइल अंदाजांत दिवसभरात कधीही पावसाची शक्यता असली, तरी संपूर्ण दिवसावर पावसाचे चित्र लावले जाते. उष्ण कटिबंधातील समुद्राने वेढलेल्या बेटांवर अशी शक्यता वर्षातील बऱ्याच दिवशी असतेच. आपल्याकडे देशावर पावसाचे चित्र दिसले की झाकोळलेले आभाळ आणि दिवसभराची रिपरिप डोळ्यांसमोर येते. अंदमानात त्याच चित्राचा अर्थ बहुधा वेगळा असतो, कारण तिथला पाऊस सरींचा आहे.

ही सर कशी येते ते जेट्टीवर उभे राहून पाहण्यासारखे असते. समुद्रावर लांब कुठेतरी एक करडा पडदा उतरलेला दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ऊन असते. पडदा जवळ येऊ लागतो तसा वारा एकाएकी गार होतो, पाण्याचा निळा रंग शिशासारखा होतो आणि पहिले थेंब पडण्याच्या काही क्षण आधी पाण्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज ऐकू येतो. मग पंधरा-वीस मिनिटे समोरची बोटही दिसत नाही. सर पुढे सरकली की धक्क्याच्या लाकडी फळ्यांतून वाफा निघू लागतात आणि अर्ध्या तासात त्या कोरड्या होतात. पाच-सात किलोमीटरवरील दुसऱ्या बेटावर त्या दिवशी थेंबही पडलेला नसतो. अशी सर नेमकी कोणत्या बेटावर आणि किती वाजता येईल हे सात दिवस आधीच काय, आदल्या दिवशीही सांगता येत नाही. संगणकीय प्रारूपे पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींमध्ये विभागून गणित करतात. भारताने मे २०२५ मध्ये वापरात आणलेल्या भारत पूर्वानुमान प्रणालीत ही चौकट ६ किलोमीटरची आहे, त्याआधी ती १२ किलोमीटरची होती. शहीद द्वीपासारखे छोटे बेट अशा एखाद-दुसऱ्या चौकटीत संपून जाते.

म्हणून चित्र सोडून आकड्याकडे पाहावे. एखाद्या दिवशी पाच-दहा मिलिमीटर पाऊस दाखवला असेल, तर तो एखाद-दोन सरींचा समजावा. लागोपाठ तीन दिवस पन्नास मिलिमीटरच्या वर आकडे दिसत असतील आणि त्याच दिवसांत वाऱ्याचा वेगही वाढलेला असेल, तर मात्र एखादी मोठी प्रणाली जवळ आहे असे समजून अधिकृत अंदाज वाचायला घ्यावा.

आणखी एक गोष्ट सहलीच्या आखणीत उपयोगी पडेल. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेले आहे आणि श्री विजयपुरम ९२.७ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे तिथला सूर्य घड्याळाच्या सुमारे चाळीस मिनिटे पुढे चालतो. हिवाळ्यातही सकाळी साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि साडेपाचला संध्याकाळ होते. जमीन तापून उठणारे दुपारचे ढगही त्याच हिशेबाने घड्याळात लवकर जमू लागतात. आई-वडिलांना घेऊन समुद्रकिनारी जायचे असेल, तर सकाळी सहा ते दहा ही वेळ मला सर्वांत सोयीची वाटते. रात्री आणि पहाटे समुद्रावर सरी पडतात खऱ्या, परंतु त्या बहुधा उजाडल्यावर विरळ होतात.

डिसेंबरचा पहिला आठवडा हा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा काळ आहे, त्यामुळे पूर्ण कोरड्या दिवसांची हमी कोणीच देऊ शकणार नाही. जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंतचा काळ तिथे सर्वांत कोरडा असतो. तारखा बदलणे आपल्याला सहज शक्य असेल, तर तो काळ अधिक निर्धास्तपणाचा आहे.

प्रश्न : हवामान खात्याच्या आठवड्याच्या अंदाजात “तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस”, “बऱ्याच ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस” असे शब्द असतात. हे शब्द मोघम आहेत की त्यांना काही ठराविक अर्थ आहे? पिवळा आणि नारिंगी रंग कशावरून देतात? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हे शब्द मोघम वाटतात, पण ते अगदी मोजून-मापून वापरलेले असतात. “तुरळक ठिकाणी” म्हणजे त्या विभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, “काही ठिकाणी” म्हणजे सव्वीस ते पन्नास टक्के, “बऱ्याच ठिकाणी” म्हणजे एक्कावन्न ते पंचाहत्तर टक्के आणि “बहुतेक सर्व ठिकाणी” म्हणजे त्याहून अधिक केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे. पावसाच्या जोराचेही तसेच आहे. चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर झाल्यास तो मध्यम, ६४.५ ते ११५.५ झाल्यास जोरदार, ११५.६ ते २०४.४ झाल्यास अति जोरदार आणि त्याहून अधिक झाल्यास अत्यंत जोरदार पाऊस म्हटला जातो. म्हणजे “बऱ्याच ठिकाणी हलका ते मध्यम आणि तुरळक ठिकाणी जोरदार” या एका वाक्यात दोन स्वतंत्र विधाने असतात. निम्म्याहून अधिक केंद्रांवर साधा पाऊस होईल आणि एखाद-दुसऱ्या केंद्रावर तो पासष्ट मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकेल, असे ते सांगते.

इथे अंदमानपुरती एक मेख आहे आणि ती लक्षात न घेतल्यास वाचकाची फसगत होते. अंदमान-निकोबार हा हवामान खात्याच्या हिशेबात एकच उपविभाग आहे. उत्तरेच्या टोकापासून इंदिरा पॉइंटपर्यंत ही बेटांची माळ सातशे किलोमीटरहून लांब पसरली आहे. सरळ रेषेत मुंबईपासून नागपूर जवळपास तेवढेच आहे. मुंबई ते नागपूर या पट्ट्यासाठी कोणी एकच वाक्य लिहिले, तर ते नाशिककराला किती उपयोगी पडेल याचा विचार करावा. त्यातही इथली केंद्रे मोजकी आहेत. मायाबंदर, लाँग आयलंड, श्री विजयपुरम, हट बे, कार निकोबार, नानकवरी ही नावे अहवालात वारंवार येतात. केंद्रेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असताना “तुरळक ठिकाणी” म्हणजे प्रत्यक्षात एखादेच केंद्र असू शकते. त्यामुळे अंदाजात अंदमान आणि निकोबार यांचा वेगळा उल्लेख आहे का, ते आधी पाहावे. दोन्ही गटांच्या मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीची दहा अंश खाडी आहे. निकोबार विषुववृत्ताच्या अधिक जवळ असल्यामुळे तिथला पाऊस वर्षभर अधिक सारखा विभागलेला असतो. निकोबारवरील जोरदार पावसाच्या इशाऱ्याने स्वराज द्वीपाला निघालेल्या प्रवाशाने घाबरून जाण्याचे कारण नाही.

तारखेचाही एक बारकावा आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. आम्ही साडेआठला पर्जन्यमापकाचे झाकण काढून आतले पाणी काचेच्या मोजपात्रात ओतत असू, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरून पाण्याची खालची कड वाचत असू आणि तो आकडा वहीत लिहीत असू. काल संध्याकाळी आणि आज पहाटे पडलेला पाऊस त्या एकाच आकड्यात येतो. म्हणून मंगळवारचा इशारा असेल, तर तो बुधवारी सकाळपर्यंत लागू असतो.

रंगांविषयी थोडक्यात सांगायचे, तर हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे प्रत्यक्ष कृती करा. हा रंग केवळ पावसाच्या मिलिमीटरवर ठरत नाही, त्याचा परिणाम किती होईल आणि तसे घडण्याची शक्यता किती आहे, हेही त्यात धरलेले असते.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात स्वराज द्वीपाहून परतण्याच्या दिवशी लख्ख ऊन होते आणि पावसाचे नावही नव्हते, तरीही आमची फेरी बोट रद्द झाली. विमान चुकले आणि मोठा भुर्दंड बसला. अंदाजात त्या दिवशी “मुख्यतः कोरडे हवामान” असे लिहिले होते. मग अंदाज चुकला की बोटवाल्यांनी आमची अडवणूक केली? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल खरोखर वाईट वाटते. आपल्या फेरीच्या निर्णयाविषयी मी काही सांगू शकत नाही, परंतु असे घडते तेव्हा बहुधा अंदाजही बरोबर असतो आणि फेरी थांबवणेही बरोबर असते. प्रवासी पावसाचा अंदाज वाचत असतो, तर बोट चालवणारा वाऱ्याचा आणि लाटांचा. बेटांवरच्या आठवड्याचे नियोजन पाऊस पाहून करणे हीच मुळात गफलत आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाने माणूस फार तर भिजतो, त्याची वाट अडवतो तो समुद्र.

लाटा दोन प्रकारांनी येतात. एक तिथल्या वाऱ्याने उठलेल्या, तोकड्या आणि एकमेकींच्या अंगावर धावणाऱ्या. दुसऱ्या लांब पल्ल्याच्या, शेकडो किंवा हजारो किलोमीटरवरील वादळाने उठवलेल्या आणि इथवर चालत आलेल्या. दुसऱ्या प्रकारच्या लाटांना वरच्या आभाळाशी काही देणेघेणे नसते, त्या निरभ्र उन्हातही येतात. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यांवर पोहोचतात आणि कुठलीही चाहूल न देता पाणी आत घुसवतात. केरळच्या मच्छीमारांनी त्याला “कळ्ळक्कडल” म्हणजे चोर समुद्र असे नाव दिले आहे.

म्हणून आठवड्याच्या अंदाजासोबत समुद्रस्थितीचा अंदाजही वाचावा. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र तो प्रसिद्ध करते. लाटांची उंची अडीच ते चार मीटर असली की समुद्र “खवळलेला” आणि चार ते सहा मीटर असली की “अति खवळलेला” असे म्हटले जाते. छापलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे दोन मीटरचा अंदाज असताना मधूनच एखादी साडेतीन मीटरची लाट येणे यात काही वावगे नाही. मच्छीमारांसाठीचा इशाराही पर्यटकाने जरूर पाहावा. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे आणि मधूनच ६५ किलोमीटरचे झोत असे शब्द ज्या दिवसापुढे दिसतील, त्या दिवशी बोट निघेल हे गृहीत धरू नये. कोकणातील वाचकांना बंदरावरचा तीन नंबरचा बावटा ठाऊक असेल. अंदमानच्या बंदरांवरही तीच पद्धत आहे आणि त्या बावट्याचा अर्थही तोच आहे : बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे.

वाऱ्याची दिशा पाहिली, तर बेटाची कोणती बाजू शांत असेल हेही कळते. जून ते सप्टेंबरमध्ये वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर, म्हणजे स्वराज द्वीपावरील राधानगरला, लाटा मोठ्या असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वारा ईशान्येकडून येतो आणि तेव्हा त्याच बेटावरील पूर्वेचा काला पत्थर किनारा उसळतो, राधानगर मात्र बऱ्यापैकी शांत असते. अंदाजात “ईशान्येकडून जोराचे वारे” असे वाचले, तर त्या दिवशी पूर्वेकडे न जाता पश्चिमेकडे जावे, एवढा साधा बदल कितीतरी उपयोगी ठरतो.

डिसेंबर २०१६ मध्ये, पुढे ज्याचे वरदा चक्रीवादळ झाले, त्या प्रणालीमुळे स्वराज आणि शहीद या दोन्ही द्वीपांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले होते आणि नौदल व तटरक्षक दलाला त्यांना बाहेर काढावे लागले होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगत आलो आहे : लहान बेटे सहलीच्या सुरुवातीला पाहावीत आणि परतीच्या विमानापूर्वीचा किमान एक पूर्ण दिवस श्री विजयपुरममध्ये ठेवावा. सेल्युलर जेल आणि तिथली सावरकरांची कोठडी पाहायला समुद्र ओलांडावा लागत नाही, तेव्हा ते शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवता येते. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम उघड्यावर होतो, म्हणून त्यासाठी मात्र कोरडी संध्याकाळ निवडावी.

प्रश्न : माझा मुलगा अंदमानात नोकरीला आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बातम्यांत “अंदमान समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र” असे ऐकले की जीव टांगणीला लागतो. सात दिवसांच्या अंदाजात चक्रीवादळ आधी कळते का? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु ते शब्द ऐकताक्षणी घाबरू नये. कमी दाबाचे क्षेत्र ही पहिली पायरी आहे आणि अशी बरीच क्षेत्रे त्याच पायरीवर विरून जातात. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटर झाला की त्याला न्यूनदाब, ५० झाला की तीव्र न्यूनदाब आणि ६२ झाला की चक्रीवादळ म्हणतात. नाव दिले जाते ते या शेवटच्या टप्प्यावर. पुढे ८९ ला तीव्र आणि ११८ ला अति तीव्र चक्रीवादळ होते.

अंदमानचे वैशिष्ट्य असे की बंगालच्या उपसागरातील अनेक वादळे त्याच्या आसपासच जन्म घेतात आणि मग पश्चिमेला किंवा वायव्येला निघून जातात. ऑक्टोबर २०१३ मधील फायलीन मायाबंदरजवळून गेले तेव्हा ते न्यूनदाबाच्याच अवस्थेत होते. तीन दिवसांनी गोपाळपूरजवळ ते ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा त्याने रौद्र रूप धारण केले होते. ऑक्टोबर २०१४ मधील हुदहुद ८ तारखेला लाँग आयलंडवरून गेले आणि १२ तारखेला विशाखापट्टणमला पोहोचले. अंदमानला बहुतेक वेळा वादळाचे बाळपण सोसावे लागते आणि तारुण्य आंध्र-ओडिशाच्या वाट्याला येते, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब आहे.

याची दुसरी बाजूही आपल्याला सांगितली पाहिजे. वादळ दाराशीच जन्मत असल्यामुळे अंदमानला तयारीसाठी मिळणारा वेळ कमी असतो. विशाखापट्टणमला हुदहुदचा माग चार दिवस घेता आला, लाँग आयलंडला तो अवधी मिळणे शक्यच नव्हते. नोव्हेंबर २०१३ मधील लेहर श्री विजयपुरमच्या जवळून गेले तेव्हा त्याचे चक्रीवादळात रूपांतर होऊन गेले होते. जानेवारी २०१९ मध्ये पाबुक तर दक्षिण चिनी समुद्रात जन्मून, थायलंड ओलांडून, जानेवारीसारख्या शांत महिन्यात अंदमानपर्यंत आले. म्हणजे ऋतू कोणता आहे एवढ्यावरही विसंबून चालत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळतो. हवामान खाते उत्तर हिंदी महासागरासाठी जे दैनंदिन वार्तापत्र काढते, त्यात पुढील सात दिवसांपैकी प्रत्येक दिवशी न्यूनदाब तयार होण्याची शक्यता दिलेली असते. ३३ टक्क्यांपर्यंत असेल तर ती कमी, ३४ ते ६७ टक्के असेल तर मध्यम आणि त्याहून अधिक असेल तर जास्त. हे वार्तापत्र रोज सकाळी पाहावे आणि त्या शब्दाचा प्रवास कसा चालला आहे याकडे लक्ष ठेवावे. पाचव्या-सहाव्या दिवसापुढे “मध्यम” असा शब्द आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा “कमी” झाला, तर त्यात अंदाज चुकला असे काही नाही. इतक्या लांबच्या दिवशी प्रारूपांची उत्तरे आपसांत जुळत नसतात, आणि ती जुळत नाहीत हेच तो शब्द प्रामाणिकपणे सांगत असतो. उलट “कमी”, मग “मध्यम”, मग “जास्त” असा क्रम लागोपाठ तीन दिवस दिसला आणि तारीख जवळ येत चालली, तर मुलाला फोन करून पिण्याचे पाणी, औषधे, विजेरी आणि फोनचे चार्जिंग यांची व्यवस्था करायला सांगावे. बोटीने जाणे-येणे असेल, तर ते त्याच दिवशी थांबवायला सांगावे. नारिंगी रंगाची वाट पाहू नये.

प्रश्न : विमानाची तिकिटे महिनाभर आधी काढावी लागतात. सात दिवसांच्या पुढचा काही अंदाज मिळू शकतो का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दिवसवार अंदाज मिळत नाही, पण आठवड्याचा कल मिळतो. हवामान खाते दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज प्रसिद्ध करते. त्यात अमुक आठवड्यात पाऊस सरासरीपेक्षा जास्त राहील की कमी, एवढेच सांगितलेले असते आणि तेवढेच घ्यावे.

हे शक्य होते त्यामागे मॅडन-ज्युलियन आंदोलन नावाची एक मोठी हालचाल आहे. अमेरिकेचे रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी ती १९७१ मध्ये मांडली. विषुववृत्ताच्या आसपास ढगांचा एक प्रचंड विस्ताराचा पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतो आणि साधारण तीस ते साठ दिवसांत पृथ्वीला फेरी घालतो. तो पट्टा पूर्व हिंदी महासागरावर असतो तेव्हा अंदमानात ढगाळ आणि पावसाळी आठवडे येण्याची शक्यता वाढते, तसेच वादळे जन्मण्यालाही अनुकूलता मिळते. तो प्रशांत महासागराकडे सरकला की उघडीप मिळण्याची शक्यता अधिक. हा पट्टा संथ चालीचा असल्यामुळे दोन-तीन आठवडे आधी त्याचा अदमास बांधता येतो. आपण पत्रात फेब्रुवारीचा उल्लेख केला आहे, त्या महिन्यासाठी हा सगळा खटाटोप करण्याची गरज नाही. तिकिटे खुशाल काढावीत.

प्रश्न : मी शेतकरी आहे. मे महिन्यात अंदमानात मोसमी पाऊस पोहोचल्याची बातमी आली की गावात पेरणीची बोलणी सुरू होतात. तिथे लवकर आला म्हणजे आपल्याकडेही लवकर येणार असे धरावे का? (एक वाचक, हिंगोली जिल्हा)

उत्तर : तसे मुळीच धरू नये, आणि बियाणे-खतांचा पैसा त्या बातमीवर अडकवू नये असे मी कळकळीने सांगतो. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मोसमी वारे निकोबारमध्ये १९ मे रोजीच पोहोचले. त्यानंतर २०२३ मध्ये ते केरळात ८ जूनला आले आणि २०२४ मध्ये ३० मे रोजी. आरंभ एकाच तारखेचा, पण केरळात नऊ दिवसांचा फरक पडला. २०२५ मध्ये निकोबारला १३ मे आणि केरळला २४ मे अशी दोन्हीकडे लवकर हजेरी लागली, म्हणून लोकांच्या मनात ती समजूत अधिक घट्ट झाली असावी.

याचे कारण असे की बंगालच्या उपसागरातील शाखा आणि अरबी समुद्रातील शाखा वेगवेगळ्या गतीने चालतात. एखादे वादळ एका शाखेला ओढून पुढे नेते, तर कधी दुसरीचे बाष्प हिरावून घेते. आपल्या जिल्ह्यासाठी अंदमानची बातमी केवळ ऋतू बदलू लागल्याची खूण आहे. पेरणीसाठी आपल्या जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज, कृषी हवामान सल्ला आणि आपल्या शेतातील ओल यांवरच निर्णय घ्यावा.

प्रश्न : माझ्या मनगटी घड्याळात हवेचा दाब दिसतो. अंदमानात असताना तो सकाळी वाढत होता आणि दुपारी उतरत होता, त्यामुळे रोज दुपारी वादळ येणार असे वाटून मी धास्तावत होतो. हे काय होते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपले घड्याळ बरोबर होते. उष्ण कटिबंधात हवेचा दाब भरती-ओहोटीप्रमाणे दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. स्थानिक सूर्याच्या हिशेबाने सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. घड्याळात ही वेळ अंदमानात चाळीस मिनिटे आधी येते. सकाळपासून दुपारपर्यंत दोन-तीन मिलिबारची उतरण तिथे रोजचीच आहे.

वादळाची चाहूल घ्यायची असेल, तर आजच्या सकाळची तुलना आजच्या दुपारशी न करता कालच्या दुपारचा आकडा आणि आजच्या दुपारचा आकडा शेजारी ठेवावा. ही रोजची चढउतार वजा करूनही दाब त्या दिवसांतल्या नेहमीच्या पातळीपेक्षा तीन मिलिबारने खाली गेला, तर जुने दर्यावर्दी संशय घेत आणि पाच मिलिबारने गेला तर वादळ जवळ असल्याबद्दल त्यांच्या मनात फारशी शंका उरत नसे. पुढच्या वेळी बेटावर उतरल्यावर पहिले दोन दिवस सकाळी नऊ आणि दुपारी तीन वाजता आकडा टिपून ठेवावा. तिसऱ्या दिवसापासून आपल्याला तुलनेसाठी स्वतःचीच नोंद मिळेल. आकडा समुद्रसपाटीलाच घ्यावा, कारण टेकडीवरच्या हॉटेलात शंभर मीटर वर गेल्यानेही तो दहा-अकरा मिलिबारने उतरतो.